लॉक नटाची चावी

१

तीस वर्षं मी पाईप नापास करायची नोकरी केली. जळगावच्या एका पाईपच्या कारखान्यात क्वालिटीला होतो. पाईप हातात घ्यायचा, फिरवायचा, जाडी मोजायची, पाण्याच्या दाबाखाली ठेवायचा आणि कुठे जरा ओल दिसली की लाल फुली मारायची. कामगार माझ्यामागे मला 'नापासभाऊ' म्हणायचे. मला ते माहीत होतं आणि खरं सांगायचं तर त्यात मला बरंच वाटायचं.

निवृत्त झाल्यावर तपासायला एकच वस्तू उरली. माझा थोरला भाऊ प्रेमराज, म्हणजे आमचा नाना, त्याची कॉन्टेसा गाडी. अठ्ठ्याऐंशी सालची, पांढरी. पिंप्राळ्याकडच्या कॉलनीत आमची दोन घरं शेजारी-शेजारी आहेत, मधे पत्र्याची शेड आणि शेडमध्ये गाडी. गाडीपेक्षाही नानाचा जीव तिच्या अलॉय चाकांवर. त्या काळची, जाळीच्या नक्षीची, चारही एका सेटमधली. रोज सकाळी तो ती जुन्या गंजीफ्रॉकने पुसायचा. लतावहिनी म्हणायच्या, "यान्हा हात मना डोकावर कधी फिरना नही, चाकवर मातर रोज फिरस."

तीन वर्षांपूर्वी आम्ही एका लग्नाला गेलो होतो. जेवून कार्यालयाबाहेर आलो तर गाडी चार विटांवर उभी. आमच्याकडे उन्हाळ्यात चोराला रात्रीची वाट बघावी लागत नाही. बारा ते चार रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. साठीचा माणूस भर रस्त्यात रडला. आठ महिने सुरतेच्या भंगार बाजारात खेटे घालून त्याने तसाच दुसरा सेट मिळवला, आणि या वेळी बंदोबस्त मी माझ्याकडे घेतला.

प्रत्येक चाकाला एक लॉक नट बसवला. बाकीचे नट नेहमीचे सहा कोनांचे, पाना लागला की सुटणारे. हा मात्र गोल, गुळगुळीत, तोंडाशी वेडीवाकडी खाच असलेला. त्या खाचेत बसणारी चावी म्हणजे अंगठ्याएवढा पोलादी तुकडा. ती नसेल तर ब्रह्मदेवालाही चाक काढता येणार नाही. सेटबरोबर दोन चाव्या आल्या होत्या. दुसरी मी ग्राइंडरवर घासून निकामी केली. नाना हसला होता. "भिकन, तू चोरनाबी बाप शे," म्हणाला.

शेवटी प्रत्येक नटावरून रिमवर एक सरळ पिवळी रेघ ओढली. नट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटते. कारखान्यातली सवय.

२

गेल्या वर्षी मे महिन्यात नाना गेला. कसा गेला ते लोकांना माहीत आहे. मी जे लिहितोय ते लोकांना माहीत नाही.

त्या दिवशी तो धुळ्याला निघाला होता, मुलीकडे, हेमांगीकडे. एरंडोल सोडून पारोळ्याच्या अलीकडे मागचं डावं चाक पंक्चर झालं. डिकीत स्टेपनी होती, जॅक होता, पाना होता. लॉक नटाची चावी नव्हती. ती माझ्या घरी खुंटीवर होती. रविवारी नटांना ग्रीस लावायला मीच घेतली होती आणि परत ठेवायची राहिली होती.

बारा पंचवीसला त्याचा फोन आला. मी जेवून कूलरसमोर आडवा झालो होतो.

"भिकन, चावी तुनाकडे शे का?"

"शे."

"चावी लई ये रे. आठे सावली नही."

मी म्हणालो, "ऊन उतरू दे, मंग येस."

एवढंच बोलणं. यात मला तेव्हा काही वावगं वाटलं नाही. पंचेचाळीस डिग्रीत जळगावातला कुठलाही माणूस हेच म्हणतो. ऊन उतरू दे. दुकानदार म्हणतो, डॉक्टर म्हणतो, सोयरे म्हणतात. नानाही 'बरं' म्हणाला. गाडी सोडून एसटीत बसला असता तर वाचला असता. पण चाकं सोडून तो जाणार नव्हता.

मी पाच वाजून वीस मिनिटांनी पोचलो. तो गाडीच्या मागे, डिकीला पाठ टेकून बसला होता. पाण्याची बाटली रिकामी. साधे नट काढून त्याने रुमालावर ओळीत मांडले होते. लॉक नटाभोवती ओरखडेच ओरखडे होते आणि त्याच्या दोन्ही हातांची नखं तुटली होती. उजव्या पायातल्या चपलेचा अंगठा तांब्याच्या तारेने बांधलेला होता. ती तार मीच बांधून दिली होती. हे सगळं मी एका नजरेत तपासलं आणि मग मला कळलं की तो बसलेला नाही.

लोकांना फोन करण्याआधी मी एक काम केलं. त्याचा मोबाईल घेतला आणि त्यातला बारा पंचवीसचा फोन पुसून टाकला. डॉक्टरांनी उष्माघात लिहिलं. वहिनींना मी सांगितलं की सहज पारोळ्याला निघालो होतो, वाटेत गाडी दिसली. वहिनी माझा हात धरून म्हणाल्या, "बरं झाय भाऊ, तुमीच भेटनात त्यास्ले." तो हात मी अजून विसरलेलो नाही.

चावी तेव्हापासून करदोड्याला बांधली. चाकांचं काम सोडलं तर आंघोळीलासुद्धा काढली नाही.

३

गाडी शेडमध्ये परत आली. चाक मी दुरुस्त करून बसवलं, चारही चाकांना नव्या रेघा ओढल्या. नाना नेहमी म्हणायचा, "ही गाडी हेमांगीनी शे, चाकंसकट." ती तिच्या हाती जशीच्या तशी द्यायची, एवढं तरी करायचं असं मी ठरवलं होतं. पावसाळा गेला, हिवाळा गेला. रोज सकाळी चाकं पुसायची, रेघा बघायच्या, शेडला कुलूप. कधी काही झालं नाही.

मार्चच्या शेवटी ऊन तापलं आणि एका संध्याकाळी मागच्या डाव्या चाकाच्या लॉक नटावरची रेघ तुटलेली दिसली.

दोन मिलिमीटर. नट सुटण्याच्या दिशेने.

मी घाबरलो नाही. आधी कारणं शोधली. उन्हाने धातू फुगतो, मग चारही नट फिरायला हवेत. तीन जागच्या जागी होते. शेडचं कुलूप शाबूत, किल्ली माझ्याकडे. मी नट घट्ट केला, नवी रेघ ओढली. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला रेघ ठीक, अकराला ठीक, चारला तुटलेली. तीन मिलिमीटर. आणि नटाभोवतीच्या जुन्या ओरखड्यांत आता चकचकीत नवे ओरखडे होते, अगदी बारीक. पान्याचे नव्हते. तीस वर्षं मी ओरखडेच बघत आलोय. पाना धातू खरवडतो, कडा सोडतो. यांना कडा नव्हत्या.

कॅमेरा लावला. तो पत्र्याखाली तापून रोज बाराच्या सुमाराला बंद पडायचा. बसवणाऱ्याने सांगितलं, इतक्या उष्णतेत चालत नाही, त्याला सावली पाहिजे. चार वाजता आपोआप सुरू व्हायचा.

४

मग एके दिवशी मीच शेडमध्ये जाऊन बसलो. ओला टॉवेल डोक्यावर, दोन लिटर पाणी, प्लॅस्टिकची खुर्ची. दार आतून लावलं. पत्रा तापला की टक्-टक् वाजतो, तो वाजत होता. शेजारी कुणाचा तरी कूलर घरघरत होता. थोड्या वेळाने तोही बंद पडला, वीज गेली असावी.

बारा पंचवीसला खरखर ऐकू आली. पोपडा आलेली भिंत नखाने खरवडावी तशी. थोडा वेळ चालायची, थांबायची. मधे दमलेल्या माणसाने श्वास घ्यावा एवढा वेळ जायचा आणि पुन्हा सुरू. आवाज गाडीच्या पलीकडून येत होता. उंदीर, मी स्वतःला म्हणालो. उठलो, गाडीला वळसा घालून गेलो. आवाज थांबला. तिथे कुणी नव्हतं. मी नटाला बोट लावलं आणि चटका बसून हात मागे घेतला. शेजारच्या साध्या नटाला लावलं, तो कोमट होता.

मी पुन्हा खुर्चीत येऊन बसलो. खरखर पुन्हा सुरू झाली. मी शेवटपर्यंत बसू शकलो नाही, हे इथे लिहून ठेवतो. दोन वाजता कडी काढून बाहेर आलो. त्या दिवशी रेघ चार मिलिमीटर तुटली होती.

वहिनींनी विचारलं, "भाऊ, ऊनमा तठे काय करतस?"

"उंदीर झालेत," मी म्हणालो.

५

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, हेमांगी माहेरी आली. ती धुळ्याला शाळेत शिकवते. या सणाला आमच्याकडे लेकी माहेरी येतात आणि वर्षाच्या आत गेलेल्या माणसाच्या नावाने घागर भरतात. नवी मातीची घागर, तिच्यात पाणी, वर लहान मडकं, त्यावर खरबूज, सांजोऱ्या, आंबा. वहिनींनी नानाची घागर देवघरापाशी भरली. मी स्वतः दोन कळश्या ओतल्या. निखाऱ्यावर घास-तूप वाहून आगारी टाकली, नानाचं नाव घेतलं, सगळे जेवले.

दीड वाजता वहिनींनी हाक मारली. घागर कोरडी होती. खालची फरशी कोरडी, आतलं बूड कोरडं, वरचं खरबूज जसंच्या तसं.

"तहान लागेल व्हई त्यास्ले," वहिनी म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसत पुन्हा पाणी भरायला गेल्या. त्यांना त्यात भ्यायचं काही दिसलं नाही. मला मात्र राहवेना. संध्याकाळी ती घागर मी मागून घेतली, काठोकाठ भरून माझ्या मोरीत कोरड्या फडक्यावर ठेवली. चोवीस तासांत बोटभर पाणी उतरलं, नव्या मातीत उतरतं तेवढंच. घागर पास होती.

हेमांगी म्हणाली, "काका, गाडी मी घेऊन जाते. बाबांची तीच इच्छा होती."

मी म्हटलं, टायर जुने आहेत. ती म्हणाली, मग बदलू. मी म्हटलं, मीच आणून देईन. ती हसली, "तुम्ही तपासत बसाल आणि दिवाळी येईल." मला तिला खरं सांगायचं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. ती चाकाजवळ बसून नानासारखीच रिमवरून हात फिरवत होती. मी म्हणालो, "सकाळी सहाला नीघ. उन्हाच्या आत पोच."

सहाला ती तयार होती. उशीर मी केला. चारही चाकं पुन्हा उघडली, पुन्हा घट्ट केली, हवा बघितली, रेघा ओढल्या, एक रेघ वाकडी आली म्हणून पुसून पुन्हा ओढली. ती दोनदा म्हणाली, "काका, पुरे." निघायला पावणेअकरा झाले. काम झाल्यावर सवयीने चावी परत करदोड्याला बांधली होती, शेवटी ती गाठ सोडली आणि चावी तिच्यासमोर डॅशबोर्डच्या खणात ठेवली. "बघ, कुठे ठेवली?" मी विचारलं. तिने खण उघडून चावीला हात लावून दाखवला.

६

मी जेवलो नाही. कूलर लावला नाही. बारा पंचवीसला फोन वाजला.

"काका, चाक पंक्चर झालं. मागचं डावं. आणि चावी खणात नाहीये, निघताना तर मी हात लावला होता. तुमच्याकडे राहिली का?"

माझा हात आपोआप कमरेला गेला. चावी करदोड्याला होती, गरम होती. गाठही माझी नव्हती. मी सरळ गाठ मारतो. ही दुपेडी होती, नाना दाव्याला मारायचा तशी.

"कुठे आहेस?" मी विचारलं.

तिला सांगायची गरज नव्हती. पारोळ्याच्या अलीकडे, रुंदीकरणात कडुनिंब तोडले तिथे.

"हेमांगी, गाडी सोड. मिळेल त्या एसटीत बस. आत्ताच्या आत्ता."

"असं कसं सोडू काका? चाकं आहेत." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आणि मी एकटी नाहीये. एक म्हातारे आहेत इथे. शेतातले असतील. तोंडाला रुमाल गुंडाळलाय. मी गाडी थांबवली तेव्हा चाकाजवळच बसलेले होते. बाकीचे नट त्यांनीच काढून दिले. पाणी दिलं तर सगळी बाटली प्यायले."

मी चपला घालत होतो.

"मी त्यांना म्हटलं, माझे काका चावी घेऊन येतील. तर म्हणाले, त्याले सांग, ऊन उतरू दे, मंग ये."

७

मी स्कूटरवरून निघालो. तोंडाला रुमाल बांधला, तरी डोळ्यांची आग होत होती. रस्त्यावर कुणी नव्हतं. जळगावपासून एरंडोलपर्यंत मोजून सात गाड्या दिसल्या. आयुष्यात पहिल्यांदाच मी दुपारी बारा ते चारमध्ये कुणासाठी घराबाहेर पडलो होतो. ते अकरा महिने उशिरा होतं, हे मला कळत होतं.

दीड वाजता पोचलो. हेमांगी गाडीच्या मागे उभी होती, चेहरा लाल, ओठ सुकलेले. ती एकटीच होती. माझ्याजवळच्या दोन बाटल्यांपैकी एक तिला दिली.

"कुठे गेले ते?" मी विचारलं.

"आत्ता होते," ती म्हणाली आणि चाकाकडे बघितलं. साधे नट रुमालावर ओळीत मांडलेले होते. तो रुमाल मी ओळखला.

धुळ्याकडे जाणारी एसटी लांब दिसू लागली. मी हात वर केला. आणि ती बस येईपर्यंतच्या वेळात मी सांगितलं. चावी माझ्याकडे होती. त्याने मला फोन केला होता. मी काय म्हणालो. नंतर फोन कसा पुसला. एवढं सगळं सांगायला एक मिनिटही लागलं नाही.

तिने बाटलीचं झाकण लावलं. मग एकच विचारलं, "किती वाजता केला होता?"

"बारा पंचवीसला."

तिने मान हलवली. ती शाळेत मुलाचं उत्तर ऐकून घेत असेल तशीच. बस थांबली. ती चढली. खिडकीतून तिने मागे बघितलं नाही, आणि ते बरोबरच होतं. माझी पोरगी असती तरी तिने हेच करावं असं मला वाटलं असतं. मला फार वाईट वाटलं आणि ती सावलीत बसली म्हणून फार बरंही वाटलं.

मी चावी काढून नटाला लावली. बसली नाही. खाच घासून घासून सपाट झाली होती. उरलेल्या तीन चाकांच्या नटांना लावून बघितली, तिथे नीट बसली.

पारोळ्याच्या कुंदन मेकॅनिकला फोन लावला. गेल्या वर्षी त्यानेच गाडी ओढून आणली होती. नट कापायचं मशीन घेऊन ये म्हणालो.

"आत्ते, भाऊ?" तो झोपेत होता. "बठ्ठा गाव झोपेल शे. ऊन उतरू द्या, मंग येस."

मी 'बरं' म्हणालो.

आता एक वाजून पन्नास मिनिटं झालीत. स्कूटर उभी आहे, मनात आणलं तर जाता येईल. पण गाडी हेमांगीची आहे, चाकंसकट. सावली फक्त गाडीच्या मागे पडली आहे, हातभर रुंद. मी तिथे डिकीला पाठ टेकून बसलोय. एक बाटली शिल्लक आहे, अजून उघडलेली नाही.

मघाशी खरखर सुरू झाली. मी उठलो नाही, बंपरखालून वाकून बघितलं. डाव्या चाकापाशी दोन पाय होते, उकिडवे बसलेल्या माणसाचे. उजव्या चपलेच्या अंगठ्याला तांब्याची तार. चार वेढे, टोक आत वळवलेलं. काम चांगलं झालं होतं, अजून टिकलं आहे.

आत्ता खरखर थांबली. चपला मागे, माझ्याकडे वळल्या आहेत.

सावली एका माणसापुरतीच आहे. बाटली मी त्या बाजूला ठेवली आणि जरा उन्हात सरकून बसलो.